सणाला ‘तरी’

दसऱ्याच्या आठवडाभर आधी प्राध्यापक-कक्षात चहा घेत असताना एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, "मॅडम, यंदा सणाला काय बेत?" आमच्या घरची परिस्थिती सर्वांना ठाऊक आहे. आम्ही दोघेही याच जिल्ह्यात शिकवतो. ते इतिहास, मी मराठी. सासरे गेल्यानंतर त्यांनी तुळशीची माळ घातली, तेव्हापासून ते मांस खात नाहीत. मी खाते. माझे माहेर तुळजापूर तालुक्यातले. घट उठले की नवमीला घरी बोकड पडायचा आणि दसऱ्याला पुरण शिजायचे, हाच माझ्या लहानपणचा सण. मी उत्तर देण्याआधीच सहकाऱ्यांनी आपणहून तोडगा सुचवला : "एरवी खा हो, आमचे काही म्हणणे नाही, पण सणाला तरी सोडत जा."

वाक्य आपुलकीने उच्चारलेले होते, म्हणूनच त्याचा विचार करणे भाग आहे. कठोर वाक्ये वादात खोडता येतात. आपुलकीची वाक्ये मात्र रूढी बनून राहतात. या वाक्याचा सारा भार ‘तरी’ या एका अव्ययावर आहे. ‘सणाला तरी’ म्हणणारा माणूस तीन गोष्टी न बोलता गृहीत धरतो. एक, मांस खाणे हा दोष आहे आणि तो रोज चालवून घेतला जातो. दोन, सण ही दोष झाकण्याची वेळ आहे. तीन, दोन वेगवेगळ्या आहारांची माणसे एकत्र आली की कोणी वळायचे हे आधीच ठरलेले आहे. (आमच्याकडे रश्श्यावर तरंगणाऱ्या लाल तेलालाही ‘तरी’च म्हणतात, सहकाऱ्यांना ती अभिप्रेत नसावी.)

भाषेच्या विद्यार्थ्यांनी या प्रदेशातले आणखी दोन प्रयोग तपासून पाहावेत. ‘खाणे’ हे सकर्मक क्रियापद आहे. पण ‘तुम्ही खाता का?’ असे कर्म गाळून विचारले की प्रत्येक मराठी माणसाला गाळलेले कर्म बरोबर कळते. ज्या वस्तूचे नाव घ्यायचे नाही, तिला आपण व्याकरणातून हद्दपार करतो. दुसरा प्रयोग ‘चालते’चा. ‘आमच्यात चालत नाही’, ‘त्यांच्यात चालते’ : या वाक्यांत निर्णय घेणारा कर्ता नाहीच. कोणी ठरवले, केव्हा ठरवले, कोणासाठी ठरवले, हे सांगण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर राहत नाही. भाडेकरूला घर नाकारताना घरमालक हेच क्रियापद वापरतो. आम्हांलाही एकदा असे घर नाकारले गेले. माळकरी नवरा दाराशी उभा होता, तरीही. त्या घरमालकाच्या हिशेबात त्यांची माळ माझ्या आडनावापुढे फिकी पडली.

आता मूळ दाव्याकडे वळू. सण म्हणजे शाकाहार, ही आपली परंपरा आहे असे सांगितले जाते. कोणाची परंपरा? २०२३ साली ज्याचे नाव धाराशिव झाले, त्या आपल्या जिल्ह्याचा नकाशाच पुढे ठेवावा. भूम तालुक्यात कुंथलगिरी आहे. ते जैनांचे सिद्धक्षेत्र, आणि तिथला खवा-पेढा सर्वदूर प्रसिद्ध. तेरला गोरोबाकाकांची समाधी आहे. तिथे येणारा वारकरी माळेचे नेम पाळतो. त्याच जिल्ह्यात तुळजाभवानीच्या मंदिरात महानवमीला होमावर अजाबलीचा विधी होतो आणि घटोत्थापन होते. त्याच जिल्ह्याच्या मुख्य गावात हजरत ख्वाजा शमशोद्दीन गाजी यांचा दर्गा आहे. आणि नवस फेडण्यासाठी दर्ग्यावर कंदुरी करणाऱ्यांत मराठवाड्यातली हिंदू घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. गावाचे नाव बदलले. पण इथल्या काळ्या, काटक, दुष्काळातही तग धरून जुळी पिल्ले देणाऱ्या शेळीला पशुपालक अजूनही ‘उस्मानाबादी’ म्हणूनच ओळखतात. ती केवळ दुधासाठी पाळली जात नाही, हे तिच्या पालकांना चांगले ठाऊक आहे. या सगळ्यांतून एक कुंथलगिरी आणि एक तेर उचलून त्यांना ‘परंपरा’ म्हणायचे आणि उरलेल्यांना ‘प्रथा’ म्हणायचे, ही निवड आहे. आणि निवड करणाऱ्याने ती आपली असल्याचे कबूल केले पाहिजे.

आकडाही सांगते. २०१४ साली केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीची पायाभूत पाहणी झाली. तिच्यात महाराष्ट्रातील १५ वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांपैकी सुमारे ४० टक्के शाकाहारी आणि ६० टक्के मांसाहारी असल्याचे नोंदले गेले. म्हणजे दहांतल्या सहांनी दहांतल्या चौघांसमोर सणाला ओशाळे व्हावे, असे ‘सणाला तरी’ सांगते. हे केवळ घरगुती बोलणे राहिलेले नाही. २०२५ च्या स्वातंत्र्यदिनी कल्याण-डोंबिवलीसह राज्यातील काही महापालिकांनी मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश काढले. जो सण कोणत्याच देवाचा नाही, त्यालाही ‘तरी’ लागले.

मग दोन आहारांचे एक घर ही अडचण जुन्यांना नव्हती काय? होती, आणि त्यांनी तिच्यावर बराच विचारही केला होता. त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या दारातच आहे. नळदुर्ग आणि अणदूर या दोन गावांचा खंडोबा एकच. मूर्ती वर्षातला काही काळ नळदुर्गजवळच्या मैलारपुरात असते, उरलेला काळ अणदुरात. या देवाला बायका दोन : म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. म्हणजे एक शाकाहारी घरातली, दुसरी बोकड कापणाऱ्या घरातली. रा. चिं. ढेरे यांनी आणि गुंथर सोन्थायमर यांनी या दैवताचा जो अभ्यास केला, त्यातून हे स्पष्ट दिसते की ही सवतींची कथा केवळ करमणूक नाही; निरनिराळ्या अन्नाचे समाज एका देवाभोवती कसे नांदले, याचा तो आराखडा आहे. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडगा. बोकडाचा नैवेद्य मुख्य गाभाऱ्यापासून दूर, बाहेर. जेजुरीला म्हाळसा वर गडावर देवाजवळ, बाणाई गडाच्या वाटेवर मध्यावर.

लोकपरंपरेची युक्ती अशी तीन प्रकारची दिसते : वेळ वाटून घ्यायची, जागा वाटून घ्यायची, भांडी वाटून घ्यायची. होळीला पुरणपोळी, करीला मटण. श्रावण पाळायचा म्हणून आषाढ अमावस्येला आधीच जेवून घ्यायचे. घरात माळकरी असेल तर परसात तीन दगडांची चूल मांडायची, वेगळे पातेले, वेगळा पळा, आणि दुसऱ्या दिवशी अंगण सारवून टाकायचे. मराठवाड्यातल्या शेकडो घरांत नवरा माळकरी आणि बायको ‘खाणारी’ किंवा याच्या उलट, अशी जोडपी जन्मभर सुखाने राहिली. कोणी कोणाला ‘सोडत जा’ म्हटले नाही.

परंतु या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल; देशीपणाच्या नावाखाली आपण ते फार वेळा केले आहे. वेगळे भांडे ही सोय असते, तशीच ती शिक्षाही असते. ज्या गावात माळकऱ्यासाठी वेगळे पातेले होते, त्याच गावात सालगड्यासाठी वेगळा कप वळचणीला होता. याच जिल्ह्यातल्या शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली. हे पुस्तक २०२४ साली इंग्रजीत गेले, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी ते प्रथम चाळले. त्याचे शीर्षकच आपल्या पंक्तीतल्या ‘पूर्णब्रह्मा’ला विचारलेला प्रश्न आहे. भगवद्‌गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराची सात्त्विक, राजस, तामस अशी प्रतवारी आहे. ती प्रतवारी अन्नावरून माणसावर किती सहज उतरते, हे पाटोळे वाचल्यावर झाकता येत नाही. आणि बाणाई गडाच्या मध्यावर राहते, ती काही तिला वारा आवडतो म्हणून नाही.

दुसरी किंमत स्त्रीने दिली. परसातली चूल पेटवणारी, दोन स्वयंपाक करणारी, नंतर अंगण सारवणारी, आणि सगळ्यात शेवटी गार झालेले जेवणारी कोण, हे सांगण्याची गरज नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या वर्षांतले सोवळे, वेगळी चूल आणि वेगळे पाणी यांचा भार कोणी वाहिला, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला कळते. नवऱ्याने विचार बदलला की त्याचा इतिहास होतो. बायकोने त्या विचाराभोवती स्वयंपाक कसा जमवला, याची मात्र गंमत होते. लक्ष्मीबाईंनी ती गंमत स्वतःच सांगितली, म्हणून ती वाङ्मय झाली.

आता जी मंडळी ‘सणाला तरी’ म्हणतात, ती हमखास वेळ अमावस्येचा दाखला देतात. येळवस मार्गशीर्ष अमावस्येची. लातूर-धाराशिवकडे त्या दिवशी बहुधा स्थानिक सुट्टीच असते आणि गावे ओस पडून शेते भरतात. कडब्याची कोप, पांडवांचे पाच दगड, बिंदग्यातले आंबील, तुरीचे-वाटाण्याचे-हरभऱ्याचे ओले दाणे आणि पालेभाज्या घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. "पाहा, सगळे शाकाहारी आणि सगळे एकत्र!" असे सांगितले जाते. पण मी इतकी वर्षे येळवशीला कोपीजवळ बसते आहे. तिथे कोणाच्याही तोंडून ‘शुद्ध शाकाहारी’ हा शब्द ऐकलेला नाही. तो सण मांस वजा करून तयार झालेला नाही. मार्गशीर्षात काळ्या रानात जे उभे असते, ते त्या दिवशी पातेल्यात येते. भज्जीची ओळख तिच्यात जे आहे त्यावरून होते, जे नाही त्यावरून नाही. म्हणूनच रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवता येते आणि तो कोण, काय खातो, हे विचारावे लागत नाही. (पूर्वी कोणाला कोपीत बसवत आणि कोणाला बांधावर वाढत, हेही आपल्या आईवडिलांना विचारून पाहावे.) येळवशीने शाकाहाराची बाजू सिद्ध होत नाही. तिच्यातून एवढेच निघते की समान ताट आखायचे असेल तर ते जमिनीवरून आखावे, निषेधावरून नव्हे.

आमच्या दोघांच्या दसऱ्याचा बेत आम्ही याच धड्यावर आखतो. आणि तो सांगते, कारण तत्त्व सांगून स्वयंपाक टाळणे ही प्राध्यापकांची जुनी खोड आहे. आधी पंचांग पाहावे लागते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एकादशी. ते उपाशी असतात. म्हणजे होळीच्या करीची सोय इथे लागू पडत नाही. तेव्हा नवमी. घट उठतात, माझा नऊ दिवसांचा उपवास सुटतो. (हो, खाणारी असून उपवास मीच करते, सहकाऱ्यांच्या हिशेबात तो जमेला धरला जात नाही.) ताटाचा पाया एक असतो : ज्वारीची भाकरी, वांग्याचे भरीत, शेंगदाण्याची चटणी, काकडीची कोशिंबीर, येसराची आमटी. हे दोघांचे, आणि येणाऱ्या कोणाचेही. येसर एकाच डब्यातले. त्याची आमटी होते आणि रश्श्यालाही तेच दाटपणा देते. मटण वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात, गच्चीच्या बाजूला; ते माझे काम. त्यांच्या भांड्याला त्याचा पळा लागत नाही, ही माझी हमी. दशमीला पुरण, ते वाटायचे काम त्यांचे. पहिली दोन वर्षे ते पातळ झाले, तिसऱ्या वर्षी जमले. पाया एक, जोड दोन, आणि ज्याची जोड त्याचे कष्ट : एवढाच नियम. दोन स्वयंपाक एकीने करायचे आणि त्याला समन्वय म्हणायचे, हे आम्ही बंद केले. ते बंद करायला आम्हांला तेरा वर्षे लागली, हेही कबूल करते.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला श्रद्धेचा : माळकऱ्याच्या घरात मटण शिजणे म्हणजे त्याच्या व्रताचा अवमान नाही काय? व्रताचा मला आदर आहे. त्यांच्या ताटात कोणी चुकूनही काही वाढले, तर पहिली भांडणारी मी असेन. पण व्रत हे स्वतःच्या जिभेवर घातलेले बंधन असते. ते दुसऱ्याच्या जिभेवर घातले की त्याला व्रत म्हणत नाहीत, हुकूम म्हणतात. हे मी त्यांच्याकडूनच शिकले. आईने एकदा जावयाला संकोचून विचारले, "तुमच्यापुढे कसे खायचे?" तेव्हा ते म्हणाले, "माळ माझ्या गळ्यात आहे, आत्याबाई. तुमच्या गळ्यात घास अडकायचे काय कारण?"

दुसरा आक्षेप जिवाचा. प्राणी मारणे चूक आहे असे जो मानतो, त्याचा प्रश्न गंभीर आहे आणि त्याला रूढीचे उत्तर देऊन भागणार नाही. पण तो प्रश्न विचारणाऱ्याने तो वर्षाचे ३६५ दिवस विचारला पाहिजे. बोकडाचा जीव सणाला मोलाचा आणि बुधवारी बिनमोलाचा, असे असू शकत नाही. ‘एरवी खा’ म्हणणाऱ्याला जिवाची चिंता नसते. त्याला ताटाच्या प्रतिष्ठेची चिंता असते. करुणेच्या भाषेत प्रतिष्ठा बोलू लागली की तिला ओळखणे, हे साहित्याच्या अभ्यासकाचे कामच आहे.

तिसरा आक्षेप आपल्या पुरोगामी मित्रांचा : अन्न ही खासगी बाब, ज्याने त्याने हवे ते खावे, एवढे लिहायचे कशाला? मला हे उत्तर पहिल्या दोनांहून जास्त खटकते. सणाचे जेवण खासगी नसते. ते दहाजणांना बोलावून, पान मांडून, नैवेद्य दाखवून केलेले असते. ‘खासगी’ म्हटले की आधीच वर असलेले ताट वरच राहते आणि खालच्याने आपले दार लावून घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ होतो.

दार लावून घेणे म्हणजे काय, ते मला माझ्याच वर्गात कळले. प्रथम वर्षाच्या मुलांना मी ‘आमच्या घरचा दसरा’ असा निबंध दिला होता. साठ वह्यांपैकी बहुतेकांत श्रीखंड-पुरी होती. आपल्या पाठ्यपुस्तकांतला सण असाच असतो. बारा वर्षांत मुले तो पाठ करतात. त्यांत एका धनगर वस्तीवरच्या मुलीची वही होती. तिच्या वस्तीवर दसऱ्याला काय होते, ते मला माहीत होते. मी तिथे जेवले आहे. तिला बोलावून विचारले, "श्रीखंड कोणी केले होते गं?" ती खाली पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, ते लिहिलेलं चालतं का?"

त्या ‘चालतं’मध्येही कर्ता नव्हता. ग्रामीण साहित्य, दलित साहित्य, अनुभवाची प्रामाणिकता, यांवर आपण वर्षानुवर्षे चर्चासत्रे घेतो. आणि आपल्या समोर बसलेली मुलगी स्वतःच्या घरचे ताट लिहायला परवानगी मागते. ‘सणाला तरी’ या आपुलकीच्या वाक्याने तिच्याकडून काय सोडवून घेतले, ते मी त्या दिवशी पाहिले. तिने मांस सोडलेले नव्हते. तिने घर सोडले होते, वहीपुरते.

मी तिला निबंध पुन्हा लिहायला सांगितला. चार दिवसांनी तिने सहा पाने आणून दिली. त्यांत बोकड होता, तो पाळणारा धाकटा भाऊ होता, त्या दिवशी न जेवता रुसून बसलेला. वडिलांनी पहिला वाटा देवाला काढला होता, दुसरा शेजारच्या म्हातारीला. आणि आजी होती, माळकरी. तिच्यासाठी आईने आधी वेगळी भाकरी आणि पिठले करून ठेवले होते. त्या घराला दोन आहारांचा सण कसा आखावा हे कोणी शिकवलेले नव्हते. ते लिहायला चालते, एवढेच कोणी सांगायला हवे होते.

सहकाऱ्यांना मी यंदा नवमीला जेवायला बोलावले आहे. पाया दोघांचा आहे. त्यांना काय ‘चालते’ हे विचारलेले नाही. भाकरी, भरीत, येसराची आमटी त्यांच्या पानात असेलच. दुसऱ्या शेगडीवर काय आहे, ते त्यांना दिसेल. त्याचे नाव मी कर्मासहित घेणार आहे.